गोळी नंतर, आधी पाय

यशवंतदादा रोकडे आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये महिनाभर रोबोटांच्या लढाईचा गेम खेळले आणि त्या महिन्यात त्यांनी एकही गोळी झाडली नाही. समोरचा धडाधड मारत असायचा आणि हे चाळिशीला टेकलेले गृहस्थ खुर्चीच्या टोकावर बसून, जीभ दातांत धरून आपलं पोलादी धूड नुसतं चालवत असायचे. टेकडीच्या आडून, पुलाखालून, पडक्या गोदामाला वळसा घालून. कुणी म्हटलं, "दादा, मारा की आता!" तर मान न वळवता म्हणायचे, "गोळी नंतर. आधी पाय."

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. शहापूरच्या एसटी स्टँडपासून थोडं आत, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर देसले सरांचा क्लास होता. नऊ कॉम्प्युटर, त्यातले आठ चालणारे. मी तिथे शिकवायला होते. शिकायला येणारे बहुतेक कॉलेजातले. त्यात एका मार्चच्या दुपारी हे आले. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डावा हात पँटच्या खिशात. दारात चपला काढल्या आणि वाकून त्यांची तोंडं जिन्याच्या दिशेनं वळवून ठेवली. ही त्यांची कायमची सवय. कुठेही गेले तरी परत निघायची तयारी आधी करून मगच आत यायचे.

"मॅडम, येक विचारू? दोन बोटांनी जमतं काय हे?"

"सुरुवातीला सगळेच दोन बोटांनी करतात," मी फॉर्म पुढे सरकवत म्हटलं.

त्यांनी खिशातून डावा हात काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. पुढे काही नव्हतं, कातडी ताणून शिवल्यासारखी दिसत होती.

"ह्या दोन बोटांनी."

मला सुचलं ते चुकीचं. "टायपिंग असेल तर अवघड आहे हो," मी म्हटलं.

"अवघड हाय ते मला दिसतंय. जमतं का, ते इचारलं."

"मला माहीत नाही."

"मंग बगू," म्हणाले, आणि उजव्या हातानं फॉर्म भरायला लागले. अक्षर ठसठशीत, ओळी सरळ. पत्ता: मुक्काम सापगाव. शिक्षण: दहावी पास. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'प्रेस ऑपरेटर', आणि पुढे कंसात, 'होतो'.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते चौदा वर्षं पॉवर प्रेसवर होते. वरून दणका मारून पत्र्याला आकार देणारं ते यंत्र. त्यानंच हात घेतला होता. सात-आठ महिने घरी बसल्यावर कारखान्यातून निरोप आला होता की स्टोअरला कॉम्प्युटर आलाय, शिकून ये, मग बघू. त्या 'मग बघू'वर हा माणूस रोज सायकल हाणत सापगावहून यायचा. घरी बायको, सुमनवहिनी, आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. वहिनी तेव्हा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायच्या.

आता गेमबद्दल. दुपारी दोन ते चार आमच्या लॅबमध्ये क्लास नसायचा, तेव्हा रुपेश आणि त्याचे मित्र खेळत. रुपेश खालच्या भांडीवाल्यांचा मुलगा, बी.कॉम.ला होता. माडी त्यांची असल्यामुळे देसले सर त्याला नाही म्हणू शकत नव्हते. चार कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडून पोरं लढायची. गेम असा: पाच-सहा मजली उंच, दोन पायांवर चालणारी लढाऊ यंत्रं, आत बसून ती चालवायची. पाय कीबोर्डवर, धड माऊसवर. म्हणजे पाय उत्तरेला चाललेले असताना धड पूर्वेला वळवता येतं. अंगाच्या प्रत्येक भागाला वेगळं चिलखत, छातीला जाड, पाठीला पातळ. आणि सारख्या गोळ्या झाडल्या की यंत्र तापतं, फार तापलं की जागच्या जागी बंद पडतं.

एकदा त्यांचा चौथा भिडू आला नाही. यशवंतदादा कोपऱ्यात टायपिंगचा सराव करत होते. रुपेशनं हाक मारली, "दादा, बसता का? नुसतं उभं राहिलात तरी चालेल."

दादा बसले. मिनिटभरही टिकले नाहीत. सरळ शत्रूच्या अंगावर धावत गेले आणि फुटले. पोरं हसली. दादांनी विचारलं, "मला लागलं कुठनं?"

"समोरून. तुम्ही सरळ आलात ना."

"सरळ आलो तं काय झालं?"

रुपेश पोरगा हुशार. तो म्हणाला, "दादा, सरळ येणारा माणूस पडद्यावर हलत नाही, नुसता मोठा होत जातो. त्याला मारायला नेमसुद्धा धरावा लागत नाही. आडवं चाला. आडवं चालणाऱ्याला मारायला त्याच्या पुढं नेम धरावा लागतो, तिथं माणूस चुकतो."

दादांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि टायपिंगच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "उद्या मना पंधरा मिनिटं देशील? मी मारनार नाय. तू नुसता मला मार."

असं सुरू झालं. रोज दोन वाजता रुपेश त्यांच्यामागे लागायचा आणि हे चुकवत फिरायचे. आधी कीबोर्डशी झगडा. पोरं चार-पाच बोटं पसरून पाय चालवत, दादांकडे दोनच. त्यांनी रुपेशकडून गेममधली बटणं बदलून घेतली. वळायची दोन बटणं शेजारीशेजारी, ती पहिल्या बोटाला. वेग कमीजास्त करायचं काम लांब पट्टीवर, अंगठ्याला. आणि उडी मारायचं बटण अगदी डाव्या खालच्या कोपऱ्यात. तिथे बोट नव्हतंच, म्हणून तळहाताच्या कडेनं, जिथे शिवण होती तिथूनच ते दाबायचं. पहिले आठ दिवस ती कड लाल व्हायची. मी म्हटलं, "दादा, दुखत असेल." ते म्हणाले, "दुखतंय म्हनजे काम करतंय. इतके दिवस ती जागा नुसती बसून होती."

आणि मग 'आज का मेलो' ही वही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. रोजचा खेळ संपला की ते पाच मिनिटं बसून त्या दिवशीचं प्रत्येक मरण त्यात मांडायचे. इतक्या गंभीरपणानं आमच्या क्लासमध्ये कुणी नोट्स काढल्या नसतील.

त्या वहीनं एकदा गोंधळ घातला. एका सकाळी सुमनवहिनी माडी चढून आल्या. शेतावरून तशाच आल्या होत्या, पदर खोचलेला. मला म्हणाल्या, "तुमीच मॅडम ना? आमच्या ह्यांचं काय चाललंय तुमच्याकडं?" आणि वही माझ्यापुढे ठेवली. मी वाचलं:

'आज सहा वेळा मेलो. चार वेळा पाठीत. एकदा उभा राहिलो म्हणून. एकदा हाव धरली म्हणून. उद्या इतक्या लवकर मरायचं नाही.'

मला हसू आवरेना आणि वहिनींचे तर डोळे भरलेले. "हात गेल्यापासून रोज तोंडाकडं बगते मी त्यांच्या. बोलत नाय, चालत नाय, भिंतीकडं बगून बसायचे. आता जरा हसतात, मंग मना वाटलं बरं चाललंय. आन् काल दप्तर आवरताना ही वही घावली."

मी त्यांना लॅबमध्ये नेलं. दादा टायपिंग करत होते, बायकोला बघून ताडकन उभेच राहिले. मी म्हटलं, "दादा, वहिनींना दाखवा कसे मरता ते." रुपेशला खालून बोलावलं. वहिनी स्टुलावर बसल्या. दोन मिनिटं त्यांना काही कळलं नाही. तिसऱ्या मिनिटाला त्या ओरडल्या, "अवो, मागनं आला तो! पळा! अवो, पळा ना!"

"पळत नाय गो. पळालो की पाठ दिसते."

"मंग काय उभं रहाता?"

"उभा पन नाय. बग तू." त्यांनी पायांचा वेग अचानक अर्धा केला, रुपेशच्या गोळ्या पुढून निघून गेल्या, मग वेग वाढवला, आणि ते टेकडीच्या पलीकडे उतरले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. निघताना जिन्यात मला म्हणाल्या, "घरात रोज उंबऱ्याला ठेचकाळतात, आन् हितं बगा!" त्यानंतर वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी मुलीकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: 'गेममधलं मरण'.

मे महिना आला. दादांचं टायपिंग माझ्या नकळत सुधारत गेलं होतं. मी इंग्रजी शिकवलं, मग मराठी. डावा हात आता कीबोर्डवर घाबरून वावरत नव्हता, ज्या दोन बोटांना पाच बोटांचं काम करायचं होतं ती करत होती. एरवी मी मुलांना घाई करते, दादांना कधी केली नाही. एकदा केली तर म्हणाले, "घाई मशीनला असते, मॅडम. मानसानं तिची घाई आपल्या अंगात घेऊ नये."

गेममध्येही आता ते गोळ्या झाडत होते, मोजक्या. टेकडीवरून डोकं वर काढायचं, एक झाडायची, आणि समोरच्याचा नेम धरून होईतो खाली. कुठेही शिरायच्या आधी निघायची वाट बघून ठेवायची. यंत्र तापू द्यायचं नाही, कारण तापलेलं यंत्र ऐनवेळी पाय उचलत नाही. रुपेशला ते आता सहज सापडत नव्हते. फक्त एक गोष्ट त्यांना जमत नव्हती. किंवा मला तेव्हा वाटलं की जमत नाही.

त्या गेममध्ये एक डाव असतो. दादांच्या यंत्राच्या उजव्या हाताला तोफ होती, डावा हात रिकामा. आपण गोळी झाडली की लगेच धड वळवायचं आणि समोरच्याचा मार त्या रिकाम्या डाव्या हातावर घ्यायचा. हाताचं चिलखत फुटतं, हात तुटून पडतो, पण छाती वाचते. चांगला खेळणारा प्रत्येक जण हे करतो. दादा करत नव्हते. छातीवर घेत आणि मरत.

रुपेश वैतागला. "दादा, किती वेळा सांगू? डाव्या हातावर घ्या! त्यात काही नाहीये. हात गेला तरी चालतं!"

बोलून गेल्यावर रुपेशच्या लक्षात आलं. दादांनी माऊस सरळ ठेवला, खुर्ची आत सरकवली, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. रुपेश माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, मी तसं म्हणत नव्हतो हो." त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. शेवटी तोच मोटरसायकल काढून सापगावला जायला निघाला आणि मीच त्याला थांबवलं. काय सांगून त्यांना आणणार होतो आम्ही?

पाचव्या दिवशी दादा स्वतःच आले. दोन वाजता, नेहमीच्या वेळेला. रुपेशच्या शेजारी बसले आणि पडदा सुरू व्हायच्या आधी बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"प्रेसला म्होरं जाळीचा गार्ड असतो. हात आत असंल तर वरचा ठोका पडतच नाय. त्या महिन्यात माल अर्जंट व्हता. गार्डमुळं टाइम जातो म्हनून शिफ्टच्या साहेबानं सगळ्या प्रेसचे गार्ड काढायला लावले. मी बोललो, साहेब, हात जाईल कोनाचा तरी. तो हसला. बोलला, दोन हात दिलेत देवानं, येक गेला तरी चालतं." ते रुपेशकडे वळले. "तुझी चूक नाय, पोरा. तू गेमचं बोललास. पन ते वाक्य मी आधी ऐकलेलं हाय."

रुपेशनं मान खाली घातली होती.

"चार दिस इचार केला. तुझं खरंच हाय, हात देऊन छाती वाचते. पन हात कधी द्यायचा, ते ज्याचा हात हाय त्यानं ठरवायचं. दुसऱ्यानं नाय. चल, लाव गेम. तो डाव शिकव."

त्या दिवशी त्यांनी तेवढं एकच केलं. गोळी, वळण, हातावर मार. गोळी, वळण, मार. डावा हात तुटून पडला की गेम बंद करून पुन्हा पहिल्यापासून. चार वाजता पुढच्या बॅचची मुलं दारात येऊन उभी राहिली तरी चालूच. मी त्या मुलांना म्हटलं, थांबा दहा मिनिटं.

जूनच्या सुरुवातीला मुरबाडच्या पोरांनी आव्हान दिलं. त्यांच्याकडे बाजारपेठेत नवा सायबर कॅफे झाला होता, मशीन आमच्यापेक्षा भारी. चार विरुद्ध चार, रविवारी. आमच्यातला एक जण मामाकडे गेला होता, म्हणून रुपेशनं दादांना विचारलं. दादा म्हणाले, "मंगळवारी मना तिकडंच कारखान्यात बोलावलंय, टायपिंगची परीक्षा हाय. त्याच्या आधी हाताला सराव व्हईल." देसले सर म्हणाले, पोरांबरोबर कुणीतरी मोठं जा, म्हणून मीही किन्हवलीमार्गे जाणाऱ्या एसटीत बसले. दादा मोठे होतेच, पण सरांच्या हिशेबी ते पोरांत धरले जात असावेत.

मुरबाडच्या पोरांनी दादांना बघून एकमेकांना कोपरानं ढोसलं. एकानं विचारलं, "काका पण खेळनार?" रुपेश म्हणाला, "काकाच खेळणार. आम्ही सोबतीला आलोय."

दोन डाव झाले, एक त्यांनी जिंकला, एक आम्ही. तिसऱ्यात आमच्याकडे तळ राखायचं काम होतं. नियम सोपा होता: घड्याळ संपेपर्यंत आमचा एक जरी उभा असला तर आम्ही जिंकलो. मुरबाडकर चांगलेच खेळत होते. आमचे तिघे एकामागून एक गेले, रुपेश सगळ्यांत शेवटी, जाताना त्यांचा दुसरा घेऊन. राहिले दादा एकटे, समोर दोघं, आणि घड्याळावर तीन मिनिटं.

तीन मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. दोघं दोन बाजूंनी यायला लागले. दादा मधे सापडले नाहीत. एकाच्या अंगावर आडवे चालत गेले, अशा बेतानं की तो त्यांच्या आणि दुसऱ्याच्या मधे आला आणि दुसऱ्याला मारताच येईना. मग खोलगटात उतरले. वेग अर्धा, मग पूर्ण, मग अर्धा. क्षेपणास्त्रं येऊन मागच्या टेकडीवर आपटत होती. एक छोटीशी उडी, तळहाताच्या कडेनं, खडकाच्या पलीकडे. कॅफेतली सगळी पोरं खुर्च्या सोडून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. दादांचं कपाळ कोरडं होतं. ओठ हलत होते, कदाचित मोजत असतील.

मिनिट राहिलं तेव्हा उजव्या पायाला लागलं आणि यंत्र लंगडायला लागलं. आता पळता येणार नव्हतं. दादांनी ते लंगडत लंगडत एका उभ्या कड्यापाशी नेलं आणि पाठ दगडाला लावून उभं केलं. पाठीत मारायची सोयच राहिली नाही. मग दोघांकडे तोंड करून एक गोळी, आणि वळण. डाव्या हातावर मार. पुन्हा गोळी, पुन्हा वळण. हाताचं चिलखत पिवळं झालं, लाल झालं. वीस सेकंद राहिली असताना हात खांद्यापासून निखळून पडला. मी रुपेशकडे पाहिलं, तो नखं खात होता. दादांनी पापणीही हलवली नाही. उरलेल्या सेकंदांत त्यांनी तोच तुटका खांदा पुढे केला, छाती मागे ठेवली, आणि घड्याळ संपलं.

रुपेशनं त्यांना खुर्चीसकट मिठी मारली. मुरबाडचा एक पोरगा चिडून म्हणाला, "काका, तुमी तर लढलातच नाय!"

"लढलो की," दादा रुमालानं चष्मा पुसत म्हणाले. "तुला दिसलं नाय."

मंगळवारी काय झालं ते त्यांनी बुधवारी मला सांगितलं, कागद पुढे ठेवून.

कारखान्यात त्यांना ऑफिसात नेलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं. नवा साहेब सभ्य होता. चहा दिला. म्हणाला, हा मजकूर मराठीत टाइप करा, चुका किती होतात बघू. हातानं लिहिलेला कागद होता. दादा टाइप करायला लागले. दुसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं की आपण काय टाइप करतोय ते. 'मी यशवंत रोकडे लिहून देतो की, प्रेसचा गार्ड मी स्वतः काढला होता. झालेला अपघात माझ्याच निष्काळजीपणामुळे झाला. माझी कारखान्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' अपघाताच्या भरपाईचं प्रकरण तेव्हा सरकारी कचेरीत चालू होतं. या कागदावर सही झाली की ते मिटणार होतं आणि स्टोअरमधली खुर्ची दादांची होणार होती.

"मग तुम्ही काय केलंत?"

"सगळं टाइप केलं. येक पन चूक नाय केली. परीक्षा हाय ना. छापून साहेबाच्या हातात दिलं. तो खूश झाला. बोलला, वा, आता खाली सही करा. मी बोललो, साहेब, थांबा, अजून येक पान टाइप करायचं राहिलंय."

दुसरं पान तेच माझ्यापुढे होतं. चार ओळी. गार्ड कुणाच्या सांगण्यावरून काढला, किती प्रेसचे काढले, आपण काय बोललो, तेव्हाचा साहेब काय बोलला. खाली ठसठशीत सही. दोन प्रती छापल्या होत्या, एक साहेबाच्या टेबलावर ठेवून आले, एक घेऊन आले.

"नोकरी?" मी विचारलं. उत्तर ठाऊक असूनही.

"ती गेली." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "सुमनला काल सांगितलं. ती रातभर बोलली नाय. सकाळी भाकऱ्या बांधताना बोलली, बरं केलंत. पन रडत व्हती, मॅडम. चौदा वर्षं तिथं काढली मी. मना ती खुर्ची पायजे व्हती. खोटं कशाला बोलू?"

मी ते पान पुन्हा वाचलं. एकही चूक नव्हती, ऱ्हस्व-दीर्घाचीसुद्धा. मी शिकवलेल्या कुणाचं इतकं स्वच्छ पान मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

ते पान प्रकरणाला जोडलं गेलं. तारखा पडत राहिल्या, दादा प्रत्येक तारखेला जात राहिले. मधल्या काळात देसले सरांनी त्यांना क्लासमध्ये टायपिंग शिकवायला ठेवलं, आणि माझ्यापेक्षा ते चांगलं शिकवत हे मी मान्य करते. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, मी कल्याणला आले. निकाल लागल्याचं मला रुपेशनं फोनवर कळवलं. दादांच्या बाजूनं लागला होता. "पण दादांना त्याचं काहीच नाही हो," रुपेश म्हणाला. "ते एकच सांगत सुटलेत सगळ्यांना, सगळ्या प्रेसना गार्ड बसले, सगळ्या प्रेसना."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. तीन-चार वर्षांनी असेल. मुरबाडला ओळखीच्यांकडे लग्न होतं, ते आटोपून मी स्टँडवर कल्याणची गाडी लागायची वाट बघत होते. समोरच्या गाळ्यांत एक पाटी दिसली: 'टायपिंग, अर्ज, झेरॉक्स'. पायरीवर यशवंतदादा उभे होते. केस बरेच पिकले होते. भारनियमनाची वेळ होती, सगळ्या गाळ्यांत अंधार. दादांनी आतली खुर्ची उचलून बाहेर फुटपाथवर आणून ठेवली आणि पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला तिच्यावर बसवलं. वाडीवरची असावी, पायात चपला नव्हत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. मग ते उजेडाकडे तोंड करून उभे राहिले आणि हातातला कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. वाक्य वाचायचे, थांबायचे, तिच्याकडे बघायचे, पुढे जायचे.

हाक मारावी म्हणून मी दोन पावलं पुढे गेले होते, तेवढ्यात कल्याणची गाडी गाळ्यांसमोरच येऊन लागली. मी चढून खिडकीशी बसले.

"बगा आजी, तुमी बोल्लात तसंच झालंय ना?" ते विचारत होते.

म्हातारी म्हणाली, "नाय रे बाबा. येक ऱ्हायलं."

"मंग ते पन घालू," दादा म्हणाले. कागदाची घडी केली, तिच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. "लाईट येऊ दे. सांगा तोवर."

कंडक्टरनं बेल दिली, गाडी वळली, तेव्हा म्हातारी बोलत होती, आणि ते मान खाली घालून ऐकत होते.